चौतीस टक्के आणि एक तळटीप

"अगं, तुझ्या तोंडात 'तद्वतच' कधीपासून आलं?"

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातल्या पहिल्या प्रकरणाचं अठरावं पान हातात धरलं होतं आणि पेन्सिलीचं टोक त्या एका शब्दावर टेकवलं होतं. मी माणदेशातली. आमच्याकडे 'तसंच' म्हणतात, फार झालं तर 'त्याचप्रमाणे'. 'तद्वतच' हा शब्द मी जन्मात कधी उच्चारलेला नव्हता. तरी तो माझ्या प्रकरणात येऊन बसला होता, तोही परिच्छेदाच्या तोंडाशी, चांगला मांडी ठोकून.

मॅडम रागावल्या नाहीत. "हा परिच्छेद कुठून आणलास?" एवढंच विचारलं. मला सांगता येईना. मी लपवत होते असं नाही. मला तो खरोखर माझाच वाटत होता.

विषय होता १९७२ चा दुष्काळ आणि त्या दुष्काळात खडी फोडायला, तलावावर माती टाकायला गेलेल्या माणदेशातल्या बायका. २०१६ ला नोंदणी झाली. तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवायचं आणि शनिवार-रविवार रेकॉर्डर घेऊन वाड्यावस्त्या फिरायच्या, असं दोन वर्षं चाललं. चाळीसेक बायका भेटल्या. ते काम मला मनापासून आवडायचं. नावडतं होतं ते पहिलं प्रकरण, म्हणजे पार्श्वभूमी. दुष्काळ का पडला, सरकारने काय केलं, रोजगार हमीची कल्पना कुठून आली. हे प्रकरण सगळ्यांनाच लिहावं लागतं आणि लिहायचं कुणालाच नसतं. त्यामुळे ते घाईत लिहिलं जातं, आणि चोऱ्या बहुतेक तिथेच होतात. निदान माझी तरी तिथेच झाली.

त्या रात्री कपाटातून २०१७ ची दोनशे पानी वही काढली. 'तद्वतच'चा परिच्छेद सापडला. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, शब्दन् शब्द तसाच. अवतरणचिन्हं नाहीत, लेखकाचं नाव नाही, पान क्रमांक नाही. वर फक्त 'शोधगंगा' असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. आता शोधगंगा म्हणजे काय एक पुस्तक आहे का? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने उभारलेलं ते देशभरातल्या विद्यापीठांतल्या प्रबंधांचं भांडार. माझी नोंद म्हणजे 'समुद्र' लिहून खाली रेघ मारण्यासारखी होती.

वही चाळत गेले तशी पोटात कालवाकालव व्हायला लागली. पंचवीस-तीस पानं अशीच. २०१७ मध्ये मला माहीत होतं की हे दुसऱ्याचं आहे, म्हणून खूण केली नव्हती. २०१९ मध्ये लिहायला बसले तेव्हा ते विसरले होते, आणि अक्षर माझं दिसलं म्हणून मजकूरही माझाच धरून चालले. वाङ्मयचौर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉपी-पेस्ट करणारा आळशी विद्यार्थी येतो. मी आळशी नव्हते. मी तर हाताने उतरवून घेतलं होतं!

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि शोधगंगेवर तो प्रबंध हुडकून काढला. मग मला वाटलं ते सोपं काम केलं: शब्द बदलले. कोणाचं ते सांगत नाही, पण मूळ वाक्य साधारण अशा वळणाचं होतं: "मान्सूनने दगा दिल्यामुळे राज्यातील बहुसंख्य जिल्हे दुष्काळाच्या छायेत आले व शासनास मोठ्या प्रमाणावर रोजगारनिर्मितीची कामे हाती घ्यावी लागली." मी केलं: "पावसाने दगा दिल्याने राज्यातले बरेच जिल्हे दुष्काळाच्या सावटाखाली आले आणि सरकारला रोजगाराची कामे मोठ्या प्रमाणावर सुरू करावी लागली." असे अकरा परिच्छेद धुऊन काढले आणि मॅडमकडे घेऊन गेले.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "साडी बदललीस. बाई तीच."

मग त्यांनी मूळ कागद उलटा केला आणि म्हणाल्या, आता न बघता सांग, या वाक्यातलं तुला नेमकं काय पाहिजे? मी म्हटलं, की सरकारने कामं काढली. "ते तर सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या बायका काय म्हणतात?" मी म्हटलं, त्या म्हणतात की कामं निघाली पण आमच्या वस्तीपर्यंत यायला उशीर झाला, तोवर जनावरं गेली होती. "मग हे लिही ना!"

शेवटी ते वाक्य असं झालं: राज्यभर दुष्काळी कामं निघाल्याचं आधीच्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे (इथे तळटीप, त्यात दोघांची नावं आणि पानं), पण मी भेटलेल्या बायकांच्या आठवणीत काम आलं ते जनावरं बाजारात विकून झाल्यावर. पहिल्या अर्ध्या भागाचं श्रेय दुसऱ्यांना, उरलेला अर्धा माझा. वाक्य लांबलं, पण कुठेही हात लावला तरी कोणाचं काय ते सांगता येत होतं.

त्या दिवसापासून वहीत तीन पेनं आली. शब्दशः उतरवलेलं निळ्याने, अवतरणात आणि समासात पान क्रमांक घालूनच. वाचून माझ्या शब्दांत मांडलेलं काळ्याने. आणि वाचताना माझ्या मनात आलेलं हिरव्याने. हे शाळकरी वाटेल. वाटू दे. काही वह्यांत हिरवं जवळजवळ दिसतच नाही, आणि ते बघून जी लाज वाटते ती कुठल्याही रिपोर्टने वाटत नाही.

मूळ कागद बघायची सवयही याच काळात लागली, तीही एका फजितीतून. माझ्या पहिल्या प्रकरणात "महाराष्ट्र रोजगार हमी कायदा १९७७ पासून लागू झाला" असं वाक्य होतं. ते तीन वेगवेगळ्या प्रबंधांत मला भेटलं होतं, म्हणून तपासायची गरज वाटली नाही. तीन साक्षीदार म्हणजे पुरावाच की. पुढे कायद्याचा मजकूरच समोर घेतला तर गंमत अशी की नावात १९७७ आहे, अधिनियम क्रमांक २० हा १९७८ चा आहे, आणि अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ ला. एका कायद्याला तीन सालं! पहिल्या माणसाने नाव वाचून साल लिहिलं असणार, दुसऱ्याने पहिल्याचं उचललं, तिसऱ्याने दुसऱ्याचं, आणि चौथी मी. साक्षीदार तीन नव्हतेच, एकच होता आणि बाकीचे त्याच्या मागे रांगेत उभे होते. नक्कल केली की दुसऱ्याची चूकही आपल्या नावावर चढते, आणि ती अशी ठसठशीत असते की मूळ घर लगेच ओळखू येतं. परीक्षक जुने असले की असल्या चुकांवरूनच माग काढतात म्हणे.

कशाला संदर्भ द्यायचा आणि कशाला नाही, हाही घोळ बरेच दिवस होता. एकदा पकडले गेल्यावर माणूस घाबरतो तशी मी घाबरले होते. '१९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला' यालासुद्धा तळटीप देऊन बसले. मॅडम हसल्या. ते आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण 'मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते' हे कुणीतरी कागद चाळून, बेरजा करून काढलेलं आहे. तो आकडा मला अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांच्या इंग्रजी लेखनात भेटला, म्हणून त्यांचं नाव पाहिजे. तसंच रोजगार हमीचा प्रयोग १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला आणि त्यामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे होते, हे आमच्या भागात जुनी माणसं सहज सांगतात. पण त्या प्रयोगाचे तपशील मी जिथून घेतले त्या लेखकाला बाजूला सारून चालणार नव्हतं.

जानेवारी २०२० मध्ये कच्चा प्रबंध घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचौर्याबद्दलचे विनियम २०१८ मध्ये आले होते आणि पुढच्या वर्षी शोधशुद्धी योजनेतून तपासणीचं सॉफ्टवेअर विद्यापीठांना मिळायला लागलं होतं. आमच्यानंतरच्या मुलांना तर संशोधननीतीचा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा पेपरच सक्तीचा झाला. आम्ही त्या आधीचे. आमचा पेपर मॅडमच्या पेन्सिलीने झाला.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. दुसरीकडच्या मजकुराशी जुळणी बावीस टक्के.

उघडून बघितलं तर पहिलंच रंगवलेलं पान प्रतिज्ञापत्राचं. "सदर प्रबंध हे माझे स्वतःचे मूळ संशोधन असून..." हे वाक्य अथपासून इतिपर्यंत नक्कल म्हणून दाखवलेलं. बरोबरच आहे, विद्यापीठानेच नमुना दिलाय, प्रत्येकाने तोच छापलाय. ग्रंथालयातले दादा म्हणाले, "मॅडम, ते सगळ्यांचंच लाल येतं, ती पानं आम्ही काढून टाकतो." खरं तर नियमच तसा आहे. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे मोजायचं नाही, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजायची नाहीत, कायद्याची कलमं नाहीत, आणि सामान्य माहितीची किंवा योगायोगाने सारखी आलेली सलग चौदा शब्दांपर्यंतची जुळणीही नाही. पण यंत्राला कलम कुठलं आणि कल्पना कुठली हे कळत नाही. मोठे उतारे मी मराठी पुस्तकांच्या रिवाजाप्रमाणे समास सोडून, अवतरणचिन्हांशिवाय दिले होते. ते सगळे चोरीच्या खात्यात गेले. माझाच एक लेख, जो मी २०१८ मध्ये एका चर्चासत्राच्या पुस्तकात छापला होता, तोही तिसऱ्या प्रकरणात लाल होऊन आला. स्वतःचं स्वतः चोरलं म्हणजे काय, असं मला वाटलं. पण आधी छापलेलं काहीच न सांगता नवं म्हणून देणं हीही फसवणूकच धरतात, यूजीसीने तशी सूचना नंतर काढली. प्रकरणाच्या सुरुवातीला एक ओळ टाकली, की या प्रकरणाचा काही भाग अमुक ठिकाणी प्रसिद्ध झाला आहे. मिटलं.

मी प्रकरणवार आकडे बघत खाली आले. दुसरं सव्वीस, तिसरं एकतीस, चौथं नऊ. आणि पहिलं: शून्य.

शून्य? पहिलं प्रकरण, जिथे सगळी चोरी झाली होती आणि ज्याचं निम्मंच धुणं माझ्याकडून अजून झालं होतं?

कारण कळायला वेळ लागला नाही. पहिलं प्रकरण मी २०१९ मध्ये गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलं होतं, आणि त्याच्याकडे जुने फॉन्ट. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर दिसतं देवनागरी, पण फाईलच्या पोटात असतात रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ. आपण 'दुष्काळ' वाचतो, यंत्र भलतंच काहीतरी वाचतं. जगात कुणीच तसलं काही लिहिलेलं नसतं, म्हणून जुळणी शून्य. बाकीची प्रकरणं मी स्वतः युनिकोडमध्ये मोबाईलवर आणि लॅपटॉपवर टाईप केली होती, ती प्रामाणिकपणे लाल आली.

दोन दिवस गप्प बसले. हे लिहिताना हात आखडतोय, पण बसले. ग्रंथालयात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, येण्याची शक्यताही नव्हती. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी तर सल्लाच दिला की बाकीची प्रकरणंही त्याच फॉन्टमध्ये करून घ्या, विषय संपेल. तिसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "युनिकोड कर आणि परत तपासायला दे. जे येईल ते येऊ दे."

फॉन्ट बदलणारं कन्व्हर्टर वापरलं, जोडाक्षरं फुटली, आठवडाभर रफार आणि वेलांट्या दुरुस्त करत बसले. नवा रिपोर्ट आला. चौतीस टक्के.

विनियमांत पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचा. चाळीस ते साठमध्ये सापडलात तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. माझा प्रबंध अजून सादर व्हायचा होता, ही घरची तपासणी होती, म्हणून निभावलं. पण चौतीस हा आकडा मला एखाद्या पोराच्या प्रगतिपुस्तकासारखा घरात वावरताना दिसायला लागला. नवरा म्हणायचा, "कमी झालं का?" सासूबाईंना वाटायचं ताप मोजतायत.

विद्यापीठाच्या फाटकाबाहेर झेरॉक्सची रांग आहे. तिथल्या एका फलकावर 'थिसिस टायपिंग, बाइंडिंग, प्लॅग रिमूव्ह' असं लिहिलेलं. प्लॅग म्हणजे प्लेजियरिझम, आपलं वाङ्मयचौर्य. मी आत गेले. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगितलं. पोरगा हुशार होता. "मॅडम, किती पाहिजे तेवढं करून देतो. दहाच्या खाली गॅरंटी." नमुना म्हणून एक पान दिलं. पंधरा रुपये घेऊन दहा मिनिटांत प्रिंट हातात ठेवली.

ते पान अजून जपून ठेवलंय. 'पाझर तलाव' होता तिथे 'झिरपणारा जलाशय'. 'कोरडवाहू शेती'ची 'सुकी वाहतूक शेती'. 'हजेरीपट' होता तो 'उपस्थिती पडदा' झाला. दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी 'वाळलेली' म्हणून आली, त्यामुळे वाक्य झालं: "मजुरांना वाळलेली दिली जाई." आणि आमचा माण तालुका? 'सन्मान तालुका'! मी दुकानात उभ्या उभ्या हसले आणि बाहेर येऊन चहा घेताना मात्र हसू थांबलं. कारण अकरा परिच्छेदांवर मी जे केलं होतं ते हेच होतं, फक्त मला मराठी येत होती.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. ग्रंथालय बंद, पुस्तकं आत, पान क्रमांक तपासायला मार्ग नाही. पण वेळ पुष्कळ मिळाला. रिपोर्टमधली प्रत्येक लाल जागा एका कागदावर उतरवली आणि तीनच प्रश्न विचारत गेले: हे अवतरण आहे का, असेल तर खूण कर, माहिती आहे का, असेल तर नाव दे आणि नव्याने मांड, आणि हे इथे लागतंय का? तिसऱ्या प्रश्नाने सगळ्यात जास्त पानं खाल्ली. पहिलं प्रकरण बावन्न पानांचं एकोणतीसवर आलं. चोरलेला मजकूर बहुतेक वेळा अनावश्यकच असतो, हा शोध मला तेव्हा लागला. पान भरायलाच तर आणलेला असतो.

या कापाकापीत एक वेगळाच अपघात झाला. मराठी प्रबंधात आपण तळटिपांत 'तत्रैव' लिहितो, म्हणजे वरचाच ग्रंथ. 'पूर्वोक्त' लिहितो, म्हणजे आधी येऊन गेलेला. मी मधले परिच्छेद उचलून दुसरीकडे टाकले आणि 'तत्रैव' बिचारे होते तिथेच राहिले. आता त्यांच्या वर भलताच ग्रंथ! एका जागी तर द्रेझ यांचं म्हणणं चक्क एका सरकारी अहवालाच्या नावावर गेलं. ही चोरी म्हणावी की अदलाबदल? सगळे 'तत्रैव' काढून प्रत्येक ठिकाणी पूर्ण संदर्भ घातला, झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी पुस्तकं भरली, आणि 'तत्रैव' परत लावले ते छापायच्या आदल्या दिवशी.

द्रेझ यांच्यावरून आठवलं. दुसऱ्या प्रकरणात दोन पानं अशी होती की ज्यांना सॉफ्टवेअरने बोटही लावलं नव्हतं. इंग्रजी वाचून मी ती मराठीत लिहिली होती. संदर्भ शेवटी एकदा दिलेला. शब्द सगळे माझे, अगदी माणदेशी. पण मुद्द्यांचा क्रम त्यांचा, उदाहरणं त्यांची, 'यावरून असे दिसते'सुद्धा त्यांच्याच जागी. इंग्रजी शेजारी ठेवून वाचणारा कुणी असता तर ओळीखाली ओळ लावून दाखवली असती. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांची ही जुनी सोय आहे आणि आपल्यात तिला कुणी चोरी म्हणत नाही. उलट 'इंग्रजी वाचन चांगलं आहे' म्हणून कौतुक होतं. मी ती दोन पानं एका परिच्छेदात आणली, पहिल्याच वाक्यात त्यांचं नाव घेतलं, एक महत्त्वाचं वाक्य अवतरणात देऊन तळटिपेत 'भाषांतर माझे' असं लिहिलं, आणि पुढे माझ्या बायकांनी सांगितलेलं त्यांच्या मांडणीत कुठे बसत नाही ते लिहिलं. ते शेवटचं सुचलं, कारण उचलायचं थांबवल्यावरच मी त्यांच्याशी वाद घालायला लागले.

शेवटचा रिपोर्ट सात टक्के आला. पेढे वाटले. खरंच वाटले.

सादर करायच्या आधी परिशिष्टासाठी मुलाखतींची ध्वनिमुद्रणं परत ऐकत होते. एका रात्री सतरा क्रमांकाची लावली. म्हसवडच्या पुढच्या एका वस्तीवरची आज्जी, तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढची. मागे कोंबड्यांचा आवाज. मुकादम मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मर्जीतल्या बायकांची नावं लावायचा आणि काम दुसऱ्याच करायच्या, हे ती सांगत होती. मग म्हणाली, "खडी म्या फोडली अन् अंगठा तिचा. मस्टरात म्या कुठंच न्हाई बघ."

मी ध्वनिमुद्रण बंद केलं. माझ्या समारोपाच्या प्रकरणातलं एक वाक्य असं होतं: "खडी एकीने फोडली आणि मस्टरवर अंगठा दुसरीचा उठला, सरकारी कागदात पहिली कुठेच नाही." ज्यांनी ज्यांनी मसुदा वाचला होता, त्या प्रत्येकाने या वाक्याखाली रेघ मारली होती. मॅडमनी समासात 'छान' लिहिलं होतं. माझ्या भाषणात मी ते दोनदा वापरलं होतं. खाली तळटीप नव्हती. रिपोर्टमध्ये त्याची जुळणी शून्य होती, कारण आज्जीने ते कुठे छापलेलं नव्हतं.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी स्वतःचं 'छान' खोडलं नाही, पुढे बाण काढून लिहिलं, 'कुणाचं?'

सगळ्या बायकांना मी क्रमांक दिले होते, नावं गुप्त राहावीत म्हणून. 'मुलाखत क्र. १७' अशी तळटीप टाकून काम भागलं असतं, नियमात बसलं असतं. पण मस्टरचं वाक्य आणि खाली नुसता क्रमांक, हे मला लिहवेना. नातवाला फोन लावला. त्याने आज्जीकडे दिला. तिला कमी ऐकू येतं, ओरडून सांगावं लागलं: आज्जी, तुमचं बोलणं पुस्तकात घेतलंय, खाली तुमचं नाव लिहू का?

"लिव की. तवा कुणी लिवलं न्हाई."

मग विचारलं, नाव कसं लिहू. सासरचं, की कागदोपत्री असेल तसं? ती थोडा वेळ थांबली. मागे कोंबड्या होत्याच. मग तिने माहेरचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. नातू मध्येच म्हणाला की आधार कार्डावर तसं नाहीये. "आसू दे," ती म्हणाली.

ते नाव प्रबंधात आहे. इथे देत नाही, कारण इथे द्यायची परवानगी मी तिला विचारलेली नव्हती. पान २१२, तळटीप ३८.